पैरा नसलेला उमेदवार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या कारखानदाराने चौथ्यांदा उमेदवारी अर्ज भरला की चहाच्या गाड्यावर एकच शेरा ऐकू येतो, ‘पैसा जास्त झालाय.’ निकालाच्या दिवशी त्याला जोड मिळते, ‘एवढ्यात आणखी एक भट्टी बसली असती.’ शेरे चविष्ट आहेत, पण त्यांनी काही उलगडत नाही. पैसा जास्त झालेले लोक या जिल्ह्यात निवडूनही येतात. आणि ज्याने उभी हयात वितळलेल्या लोखंडाच्या किलो-किलोचा हिशेब ठेवला, एका कास्टिंगमागे किती माल भंगारात जातो हे ज्याला तोंडपाठ आहे, तो माणूस निवडणुकीत तोच तोटा चार वेळा कसा करून घेतो, याचे उत्तर या शेऱ्यांत नाही.

ते उत्तर त्याच्या व्यवहाराच्या रीतीत आहे. उद्योजक रोखीने देतो किंवा साठ दिवसांच्या उधारीवर देतो, पण हिशेब चुकता करतो. हिशेब चुकता झाला की त्याच्या लेखी नाते मोकळे होते. कोल्हापूरचे राजकारण हिशेब मोकळा न ठेवण्यावर उभे आहे, आणि त्याला इथल्या मातीतला शब्द आहे : पैरा. ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावतो. आज तुझी नांगरट, परवा माझी पेरणी. पैसे नाहीत, पावती नाही. फेडायचे ते श्रमाने, आणि एक फेडला की दुसरा अंगावर चढलेला असतो. शेतातले बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तरी शब्द राजकारणात टिकून राहिला. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या सतेज पाटील यांनी मित्रपक्ष राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिक यांना मदत केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये त्याच महाडिक घरातल्या, भाजपच्या अमल महाडिक यांनी सतेज पाटलांनाच पाडले. पुढच्या लोकसभेला, २०१९ मध्ये, ‘आमचं ठरलंय’ म्हणत सतेज पाटील स्वतःच्याच आघाडीच्या उमेदवाराविरुद्ध, म्हणजे धनंजय महाडिकांविरुद्ध, उभे ठाकले आणि शिवसेनेचे संजय मंडलिक खासदार झाले. पक्ष, आघाडी, जाहीरनामा या भाषेत हा प्रकार कुणाला समजावून सांगता येणार नाही. पैऱ्याच्या भाषेत तो कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही कळतो.

आता या रिंगणात उतरणाऱ्या कारखानदाराकडे काय असते ते पाहू. पहिली गोष्ट, जिच्यावर त्याचा सर्वांत जास्त भरवसा असतो, ती म्हणजे कामगार. ‘माझ्याकडे चारशे माणसं आहेत, घरटी चार मतं धरली तरी सोळाशे घरची मतं.’ हे गणित कागदावरच बिघडते. समजा फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, शिरोली एमआयडीसीत आहे. चारशेतले शंभर-सव्वाशे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे, कारण भट्टीजवळचे आणि फेटलिंगचे, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याचे, काम करायला गावची पोरे आता तयार होत नाहीत. त्यांची नावे तिकडच्या मतदार यादीत. उरलेले करवीर, पन्हाळा, हातकणंगले, शिरोळ अशा तालुक्यांतून दुचाकीवरून येणारे, म्हणजे चार-पाच विधानसभा मतदारसंघांत विखुरलेले. मालक स्वतः उभा राहतो त्या मतदारसंघात त्यातले साठ-सत्तर आले तर भाग्य. शिवाय शिरोली ज्या हातकणंगले विधानसभा मतदारसंघात येते तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बहुतेक कारखानदारांना कारखाना आहे तिथे उभेच राहता येत नाही. ते राहतात ताराबाई पार्कात किंवा नागाळा पार्कात, आणि अर्ज भरतात तो भलतीकडे. गोकुळ शिरगावचे तेवढे बरे, ती वसाहत कोल्हापूर दक्षिणमध्ये येते. पण दक्षिण म्हणजे पाटील आणि महाडिक या दोन घरांची समोरासमोरची तालीम. तिसऱ्याने लांग चढवली तर लोक टाळ्या वाजवतात, मत देत नाहीत.

आणि जे साठ-सत्तर उरतात, त्यांनी तरी मत का द्यावे? पगार हा उपकार नव्हे. कामगाराने घाम गाळला, मालकाने पैसे दिले, दोघे मोकळे. ज्याचा ओव्हरटाइम गेल्या दिवाळीत तोडला तो मनातून विरोधातच आहे, आणि सुपरवायझरच्या तोंडावर मात्र ‘साहेब, आपलाच गुलाल’ म्हणतो. मालकाला ही खबर निकालाआधी कधीच मिळत नाही, कारण कारखान्यात त्याला खरे बोलणारा माणूस फार तर अकाउंटंट असतो, आणि त्याला मतदानातले काही कळत नाही.

याच्या शेजारी दूध ठेवून पाहा. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ चा. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था त्याचे सभासद. दोन म्हशी असलेली बाई सकाळ-संध्याकाळ संस्थेत किटली घेऊन जाते, फॅट लागते, दर दहा दिवसांनी बिल होते, दिवाळीपूर्वी दर फरक येतो. म्हणजे वर्षाला छत्तीस वेळा बिल आणि सातशेहून अधिक वेळा संस्थेचा उंबरा. फॅट एका पॉइंटने का कमी लागली हे विचारायला ती सचिवाकडे जाते, सचिव चेअरमनकडे, चेअरमन संचालकाकडे. या साखळीत प्रत्येक जण वरच्याचे थोडे देणे लागतो आणि खालच्याकडून थोडे येणे बाकी असते. २०२१ मध्ये या संघाची निवडणूक विधानसभेइतक्या ईर्ष्येने झाली आणि महाडिक गटाची अनेक वर्षांची सत्ता गेली. त्या निवडणुकीत मतदार होते साडेतीन हजारांच्या आसपास, प्रत्येक संस्थेचा एक ठरावधारक, म्हणजे संस्थेने ठराव करून मतदानाला पाठवलेला माणूस. एवढ्याशा मतदारांसाठी जिल्हा का पेटतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. तो ठराव ज्याच्या खिशात, त्याच्याकडे त्या गावातली छत्तीस बिलांची साखळी असते.

ऊसपट्ट्यात हेच काम ऊसतोड करते. साखर कारखान्याच्या अमुक चेअरमनने शाळा बांधली म्हणून कुणी मत देत नाही. आपला ऊस डिसेंबरात तुटला की मार्चपर्यंत उभा राहिला, यावर मत ठरते. तुरा आलेला ऊस फडात राहिला की वजन घटते, तळपत्या उन्हात टोळी मिळत नाही, पाणी तोडावे लागते, आणि खोडवा (तुटलेल्या उसाचे पुन्हा फुटणारे पीक) धरायचा की मोडायचा हा प्रश्न पुढच्या हंगामावर जातो. ऊसतोडीच्या त्या एका चिठ्ठीची ताकद ज्याच्या हातात आहे त्याला भाषण करावे लागत नाही. सोबत विकास सेवा संस्थेचे पीककर्ज, जिल्हा बँकेची उचल, सवलतीची सभासद साखर. कारखानदार उमेदवाराकडे यातले काही नसते. त्याच्या मालाचे गिऱ्हाईक पुण्यात, चेन्नईत किंवा जर्मनीत. पंपाचे इंपेलर किंवा ट्रॅक्टरचे हाउसिंग करवीर तालुक्यातली म्हातारी विकत घेत नाही.

दूध विकूनही राजकारणात हरता येते, याचा नमुना मात्र अमेरिकेत आहे. इलिनॉय राज्यातले जिम ओबरवाइस हे दूध व्यावसायिक. काचेच्या बाटलीतले दूध घरपोच देणारी त्यांची डेअरी तिकडे नावाजलेली. २००२ आणि २००४ ला सिनेटसाठी पक्षातल्याच फेरीत हरले, २००६ ला गव्हर्नरपदासाठी तसेच, २००८ ला प्रतिनिधीगृहासाठी एकाच वर्षात दोनदा. २०१२ ला निवडून आले ते राज्याच्या सिनेटवर, म्हणजे पायरी खाली उतरल्यावर. मग २०१४ ला पुन्हा केंद्रीय सिनेटला उडी, पराभव. २०२० ला पुन्हा प्रतिनिधीगृह, पराभव. गोकुळचा एखादा संचालक हे वाचून गालात हसेल. त्यांच्याकडे दुधाचे गिऱ्हाईक होते, दुधाचा उत्पादक नव्हता. बाटली दारात ठेवली, बिल भरले, संपले. आपल्याकडे ज्याच्या घरातून दूध निघते तो मतदार, आणि ज्याच्या घरात दूध पोचते तो मुंबई-पुण्यात. हा फरक लक्षात आला तर कोल्हापूरच्या राजकारणातले अर्धे कोडे सुटते.

शहरात गोकुळ नाही, ऊस नाही, तर उद्योजकाला तिथे तरी वाव असावा. थोडा आहेही. चंद्रकांत जाधव हे उद्योजक. २०१९ मध्ये काँग्रेसच्या चिन्हावर ते कोल्हापूर उत्तरमधून आमदार झाले. २०२१ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले आणि २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव निवडून आल्या. हे उदाहरण प्रत्येक नवा कारखानदार उमेदवार देतो. तो एवढेच विसरतो की त्या घरात नगरसेवकपद आधी आलेले होते. शहराचा पैरा तालमीत आणि पेठेत चालतो. गणपतीची वर्गणी, शाहू स्टेडियमवरचे फुटबॉल सामने, सीपीआर या सरकारी रुग्णालयात रात्री दोनला लागलेले रक्त, पोलीस ठाण्यात अडकलेले पोर, बारशापासून रक्षाविसर्जनापर्यंतची हजेरी. उद्योजक काय करतो, तर संघाला जर्सी देतो. जर्सीवर कंपनीचे नाव असते, हंगाम संपला की जर्सी धुवायला जाते आणि पुढच्या हंगामात दुसऱ्याचे नाव येते. प्रायोजक आणि तालमीचा माणूस यांतले अंतर पेठेला अचूक कळते.

आता पैशाकडे येऊ, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. विधानसभेसाठी महाराष्ट्रासारख्या राज्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे, लोकसभेसाठी ९५ लाख. या मर्यादा २०२२ पासूनच्या. एका मतदारसंघात तीनशेच्या वर मतदान केंद्रे असतात, आपण ३२० धरू. ४० लाखांना ३२० ने भागले तर एका केंद्राला १२,५०० रुपये. प्रचाराचे दिवस १४. म्हणजे एका केंद्राला दिवसाला नऊशे रुपयेसुद्धा नाहीत. त्यात मंडप, खुर्च्या, गाड्या, डिझेल, पत्रके, सभा सगळे आले. माणसे पैशाने उभी करायची म्हटली तर एका केंद्रामागे आत एक प्रतिनिधी, त्याला बदली एक, केंद्रापासून शंभर मीटरपलीकडच्या टेबलावर दोघे आणि घरोघरी जाऊन मतदार काढणारे किमान चार. आठ गुणिले ३२० म्हणजे अडीच हजारांवर माणसे, तीही दिवसभर न जेवता थांबणारी. चाळीस लाखांत ही फौज उभी राहत नाही. ती फुकट उभी राहावी लागते, आणि फुकट कोण उभा राहतो? ज्याला पैरा फेडायचा आहे तो.

इथे कायद्यातली एक फट आहे. खर्चाचा हिशेब मोजला जातो तो अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत. त्याआधीच्या साडेचार वर्षांत ज्याने संस्थेच्या नावाने हळदी-कुंकू, सवलतीची साखर, आरोग्य शिबिरे, देवदर्शनाच्या सहली केल्या, त्याचा एक रुपयाही उमेदवाराच्या वहीत येत नाही. उशिरा जागा होणारा कारखानदार मात्र सगळा पैसा नेमका मोजणीच्या दिवसांत ओततो. दाभोळकर कॉर्नर, कावळा नाका, बिंदू चौक इथले फलक त्याचे, एलईडी गाड्या त्याच्या, पुण्याहून आणलेली प्रचार संस्था त्याची. जिल्हा निवडणूक अधिकारी प्रत्येक वस्तूचे दरपत्रक काढतात, चहापासून मंडपाच्या खुर्चीपर्यंत. खर्च निरीक्षकाची माणसे शेजारी छाया नोंदवही, म्हणजे त्याच खर्चाची स्वतःची समांतर नोंद, ठेवतात, आणि फलक डोळ्यांत भरणारा असल्याने तिथे पहिली नोंद याचीच होते. कारखान्याची गाडी, कारखान्याचे डिझेल घरचे म्हणून सुटत नाही. ते दराप्रमाणे खर्चात धरले जाते. जेवणावळी आणि तांबडा-पांढरा हा विषय सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. एवढेच सांगायचे की रस्सा ज्याचा, मत त्याचे, असा नियम असता तर कोल्हापुरात कुणीही पैसेवाला कधी हरला नसता.

पैसे सर्वांत जास्त गळतात ते शेवटच्या दोन रात्रींत. याला इथे जोडण्या म्हणतात. कारखानदार जोडण्यासुद्धा कंत्राटासारख्या देतो : एका भागाचा एक म्होरक्या, एक रक्कम, काम पूर्ण करून द्यायचे. हा व्यवहार बेकायदा आहे, लाचखोरीच्या व्याख्येत बसतो, ते तर आहेच. पण निव्वळ धंद्याच्या नजरेनेही हा मूर्खपणा आहे. स्वतःच्या कारखान्यात तो मालाची तपासणी केल्याशिवाय बिल पास करत नाही. इथे माल गुप्त मतपेटीत जाणार, तपासणी अशक्य, आणि म्होरक्याने त्याच रात्री आणखी दोघांकडून तेच कंत्राट घेतलेले असते.

वेळेचे गणितही त्याच्या विरोधात आहे. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. तोवर पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह मतदाराच्या डोक्यात वर्षानुवर्षे बसलेले असते. २०२४ च्या विधानसभेला ४ नोव्हेंबर हा माघारीचा दिवस होता, मतदान २० ला, प्रचार बंद १८ ला संध्याकाळी. म्हणजे हातात चौदाच दिवस. माघारीच्या त्या दिवशी कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या मधुरिमाराजे यांनी अर्ज मागे घेतला, काँग्रेसचा हात यंत्रावर राहिलाच नाही, आणि पक्षाने अपक्ष राजेश लाटकर यांना पाठिंबा दिला. त्यांचे चिन्ह प्रेशर कुकर. मागे पक्षाची यंत्रणा असूनही गुलाल राजेश क्षीरसागरांना लागला. ज्याच्यामागे यंत्रणाच नाही त्याने चौदा दिवसांत तीन लाख मतदारांना चिन्ह शिकवायचे म्हणजे दिवसाला एकवीस हजारांहून जास्त. त्यात यंत्रावरचा क्रमही खालचा : आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. सोळाहून जास्त नावे झाली, ‘नोटा’चा (यांपैकी कोणीही नाही) पर्याय धरून, तर दुसरे यंत्र जोडावे लागते आणि आपला उमेदवार त्या दुसऱ्या यंत्रावर. शेजारच्या साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती ‘तुतारी’ यांत मतदारांचा घोळ झाला. नुसत्या तुतारीच्या अपक्षाला ३७ हजारांवर मते, आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेले शशिकांत शिंदे हरले ते ३३ हजारांच्या आत. चिन्ह ही एवढी मोठी गोष्ट आहे.

कागदपत्रांत हा माणूस चोख असेल असे वाटते, पण तिथेही त्याचे हमखास चुकते, कारण अर्ज तो स्वतः भरत नाही, सीए भरतो. सीएला आयकर कळतो, लोकप्रतिनिधित्व कायदा कळत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाच्या यादीतले हवेत. मालकाने विश्वासाने कारखान्यातली दहा माणसे उभी केली आणि त्यांतला एक शेजारच्या मतदारसंघातला निघाला की अर्ज अडचणीत. म्हणून वेगवेगळ्या सूचकांचे एकाहून अधिक अर्ज भरावेत. चारपर्यंत भरता येतात. निवडणूक खर्चाचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले हवे. कंपनीचे चालू खाते चालत नाही. नमुना २६ च्या शपथपत्रात पती किंवा पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता, देणी, पाच वर्षांचे उत्पन्न, सरकारी थकबाकी सगळे येते. रकाना रिकामा सोडायचा नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचे. आठवण देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि ठेकेदारांसाठी सर्वांत धोक्याचे कलम ९ क : राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारचे काम करण्याचा करार चालू असेल तर विधानसभेसाठी अपात्रता. काम पुरे करून दिले आणि फक्त बिल थकले असेल तर करार चालू धरत नाहीत. पण अर्धा किलोमीटर डांबर राहिलेल्या ठेकेदाराने आधी डांबर टाकावे, मग अर्ज भरावा.

हरल्यावर तर हा माणूस कागदाकडे ढुंकूनही पाहत नाही. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो, हरलेल्यानेही. सबळ कारणाशिवाय न दिल्यास आयोग तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो. जीएसटीचा परतावा एक दिवस चुकू न देणारे लोक हे विसरतात, कारण डोक्यात अपमान भरलेला असतो.

इतके सगळे वाचून कुणी म्हणेल, मग अशा लोकांना उभेच राहू देऊ नये. ही मागणी चहाच्या गाड्यावरची नाही, चांगली वजनदार आहे. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढवण्यास बंदी घालावी अशी शिफारस केली होती. अनामत वाढवा, दोनदा अनामत गेली की दार बंद करा, अशाही सूचना येत असतात. या मागणीला कोल्हापुरातून तरी विरोध व्हायला हवा. २००९ मध्ये राष्ट्रवादीने उमेदवारी नाकारलेले सदाशिवराव मंडलिक अपक्ष लढले आणि खासदार झाले. २०१९ मध्ये इचलकरंजीतून प्रकाश आवाडे आणि शिरोळमधून राजेंद्र पाटील यड्रावकर अपक्ष आमदार झाले. २०२४ मध्ये राज्यात ४,१३६ उमेदवारांपैकी २,०८६ अपक्ष होते, निवडून आले फक्त दोन, आणि त्यांतला एक आपल्या चंदगडचा. या जिल्ह्याला अपक्षाचे वावडे नाही. मंडलिकांमागे हमीदवाड्याचा साखर कारखाना होता, आवाडेंमागे हुपरीचा जवाहर, यड्रावकरांमागे नरंद्याचा शरद, म्हणजे अपक्ष फक्त चिन्हापुरते, ही गोष्ट खरी. पण बंदी आली तर मतदाराला पक्षाच्या दिल्ली-मुंबईच्या यादीला ‘नाही’ म्हणण्याची एकमेव वाट बंद होते.

अनामतही गांभीर्य मोजत नाही. विधानसभेला दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते हवीत, आणि या वैध मतांत नोटा धरत नाहीत. १९९६ पर्यंत ही रक्कम लोकसभेला पाचशे आणि विधानसभेला अडीचशे होती. त्या वर्षी बेळगाव लोकसभेला सीमाप्रश्नाच्या निषेधासाठी मराठी माणसांनी अर्जांची रास घातली आणि उमेदवार झाले ४५६. नलगोंड्यात ४८० होते, तमिळनाडूच्या मोडाकुरिची विधानसभेला तर १,०३३. त्यानंतर रक्कम वाढली आणि गर्दी ओसरली. म्हणजे रकमेने गरिबाचा निषेध थांबला. कारखानदाराला दहा हजार म्हणजे एका ढकलगाडीभर भंगाराची किंमत. एक लाख केली तरी तो भरेल. आणि हातकणंगल्यात दोनदा खासदार झालेल्या राजू शेट्टींना २०२४ मध्ये एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास मते पडूनही एक षष्ठांशाची रेष गाठता आली नाही. त्यांना बिनगांभीर्याचे कोण म्हणेल?

हौसेने हरणारेही असतात. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन टायर दुरुस्तीचे दुकान चालवतात. १९८८ पासून सव्वादोनशेहून जास्त निवडणुका लढले, सगळ्या हरले, आणि हरण्यातच मजा आहे असे उघड सांगतात. बरेलीचे कापड दुकानदार काका जोगिंदर सिंग ‘धरतीपकड’ तीनशेच्या घरात लढले. १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना १,१३५ मतमूल्य मिळाले आणि ते चौथे आले. त्यांच्यासारख्यांमुळे राष्ट्रपतिपदाच्या अर्जाला १९९७ पासून पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागू लागले. ही माणसे कुणाला फसवत नाहीत. लोकशाहीच्या जत्रेतले ते बहुरूपी आहेत, आणि जत्रेला बहुरूपी लागतोच. आक्षेप घ्यायचा तर माघारीच्या दिवसापुरता उभा राहणाऱ्यावर घ्यावा, कारण माघारीसाठी देणे-घेणे हा भ्रष्ट आचार आहे आणि त्यावर खटले मात्र दिसत नाहीत.

आपला कारखानदार या दोन्हींत नाही. त्याला खरेच निवडून यायचे असते. शहराची हद्दवाढ, एमआयडीसीतले रस्ते, विजेचा दर, विमानतळ यांवर त्याचे म्हणणे अनेकदा निवडून आलेल्यांपेक्षा नेमके असते. म्हणून त्याचे हरणे ही फक्त त्याची खासगी गंमत नाही. ज्याच्याकडे संस्था नाही त्याला या जिल्ह्यात आत यायला दार नाही, हे त्याच्या पराभवातून दिसते, आणि ते दार उघडे असावे असे वाटणाऱ्याने त्याला हसू नये. पण तोही खालच्या दाराने कधी आत येत नाही. विधानसभा, विधानसभा, मग थेट लोकसभा. कारखान्यात फिटरला थेट वर्क्स मॅनेजर करत नाहीत हे त्यालाच जास्त ठाऊक. खालची पायरी मिळत नव्हती हेही कारण आहे : महापालिकेच्या २०१५ च्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षे प्रशासक बसला. ज्या पायरीवर नवखा माणूस नळाचे पाणी, गटार आणि बांधकाम परवाने यांतून पैरा जमवायला शिकतो, तीच पायरी शासनाने काढून ठेवली. यावर उद्योजकांच्या संघटनांनी जेवढे बोलायला हवे होते तेवढे त्या बोलल्या नाहीत.

पुन्हा लढणे शहाणपणाचे कधी असते, ते चंदगडने दाखवले. शिवाजी पाटील २०१९ मध्ये अपक्ष म्हणून हरले, पण दुसरे आले, सुमारे साडेचार हजार मतांनी मागे. २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात, पुन्हा अपक्ष, चोवीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. मतदारसंघ बदलला नाही, आणि पहिला पराभव दुसऱ्या क्रमांकाचा होता. दोन निवडणुकांत मते चढत असतील तर तिसरी लढावी. नऊ हजार, सहा हजार, चार हजार असा उतार असेल तर मतदाराने उत्तर दिलेले आहे, ते ऐकावे.

हे उत्तर नेमके कुठे लिहिलेले असते, तेही सांगतो, कारण बहुतेकांनी ते उघडून पाहिलेले नसते. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्रावर नमुना १७ गची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते, त्यात त्या केंद्रावर पडलेली एकूण मते असतात. निकालानंतर नमुना २० तयार होतो, त्यात केंद्रवार कुणाला किती मते ते असते, आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. हरलेल्याने पहिल्या महिन्यात, खर्चाचा हिशेब देतानाच, तो छापून घ्यावा आणि शेजारी आपल्या माणसांची यादी ठेवावी : कोणत्या केंद्रावर कोण बसला, कुणी किती रक्कम नेली, कुठे सभा झाली, कुठे जर्सी वाटल्या. मग लाल पेन घ्यावा. जिथे प्रतिनिधी त्याच केंद्राचा मतदार होता, बदलीही त्याच केंद्राचा होता, दोघेही संध्याकाळी सहापर्यंत आत-बाहेर बसून जेवणाचे पाकीट घेऊन गेले आणि मते पडली एक, त्या केंद्रापासून सुरुवात करावी.